सुबारा : देवाच्या अनपेक्षित भेटीचा काळ

एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात धानाची कापणी आटोपत येते, त्याच सुमारास नाताळपूर्व काळ सुरू होतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे चांदा धर्मप्रांतात येतात. केरळबाहेर सिरो-मलबार ख्रिस्तसभेचे पहिले मिशनक्षेत्र १९६२ साली येथेच उभे राहिले. लॅटिन परंपरेतील आगमनकाळाला या परंपरेत ‘सुबारा’ म्हणतात. सुरियानी भाषेतील हा शब्द शुभवार्तेच्या घोषणेचा आहे.

घोषणा कोणाला झाली? या काळातील चार रविवारी पवित्र कुर्बानामध्ये अनुक्रमे जखऱ्याला मिळालेला निरोप, मरीयेला मिळालेला निरोप, योहानाचा जन्म आणि योसेफाचे स्वप्न यांची वाचने होतात. चारही ठिकाणी देव ठरलेल्या आयुष्यात अवचित शिरतो.

आम्हांला यांत जखऱ्या सर्वांत जवळचा वाटतो. तो याजक होता, धूप जाळत होता, संतानासाठी त्याने प्रार्थनाही केली होती. ती ऐकली गेल्याचे देवदूताने सांगताच त्याने पुरावा मागितला! मागणे ओठांवर राहते आणि अपेक्षा मनातून निघून जाते, ही अवस्था आपल्यालाही परिचित आहे. त्याच्या मूकपणाला बहुधा शिक्षा म्हणतात. आम्हांला ती शिकवणीही वाटते. कारण पाटीवर ‘योहान’ हे नाव लिहिताना त्याने पुरावा मागितला नाही.

मात्र जे जे अनपेक्षित ते ते देवाचे वरदान, असे समजू नये. बुडालेले पीक वा घरातील आजारपण यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून दुःखिताची बोळवण करणे हा विश्वास नव्हे. योसेफाला स्वप्नात पुढचे सारे दाखवले गेले नाही. इजिप्तच्या पलायनाविषयी तेव्हा अवाक्षर नव्हते. मरीयेला घरी आणावे, हे कळले आणि उठल्यावर त्याने तसे केले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलण्याआधी येथील माणसे झाडाखालचा पालापाचोळा काढून जागा स्वच्छ करतात. फूल रात्री आपोआप गळते, पहाटे ते वेचायचे असते. नाताळपूर्वीच्या पंचवीस दिवसांच्या उपवासाकडे आम्ही असेच पाहतो. ताटातले थोडे कमी करावे, ते शेजाऱ्याच्या घरी पोहोचवावे, आणि ज्या भावाशी बोलणे बंद आहे त्याच्या दारी नाताळची वाट न पाहता जाऊन यावे.