मंद गतीची विद्या

वेग हा शब्द ऐकताच तरुणांचे कान टवकारतात. मोटारसायकल कुणाला चांगली येते, असे कॉलेजच्या कट्ट्यावर विचारले तर उत्तर ठरलेले असते : जो हायवेवर ती सर्वांत जोरात पळवतो त्याला! मला हे उत्तर पटत नाही. हायवेवर सरळ रस्ता असतो, गाडीचा वेगच गाडीला सावरून धरतो आणि स्वाराने फारसे काही केले नाही तरी ती उभी राहते. खरी परीक्षा होते ती माणसाच्या चालीने गाडी चालवावी लागते तेव्हा.

ही परीक्षा रोज देणारा एक वर्ग आहे, तो म्हणजे पोलीस मोटारसायकलस्वारांचा. गणपतीच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत बेळगावच्या गल्ल्या माणसांनी फुलून गेलेल्या असतात. बापाच्या खांद्यावर मुले असतात आणि एखादे पोर मध्येच आडवे धावते. अशा गर्दीतून एखादा पोलीस आपले अवजड धूड घेऊन जाताना दिसतो. त्याला वेग वाढवता येत नाही, थांबता येत नाही आणि पाय टेकत टेकत जाणेही शोभत नाही. गाडी कलंडली तर तिच्याखाली सापडणारा पाय बहुधा दुसऱ्याच कुणाचा तरी असणार. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी या नात्याने मला नेहमी प्रश्न पडे की, याला हे साधते कसे? त्याचे उत्तर येथे सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या स्नेहसंमेलनातली ‘स्लो सायकल’ शर्यत आठवा. सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला, हा तिचा उलटा नियम. एरवी भरधाव सायकल हाकणारे वीर दहा पावलांतच पाय टेकतात. दोन चाकांचे वाहन मुळात अस्थिर आहे. तळहातावर काठी उभी धरली की ती ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला आपण हात नेतो. दुचाकीचा तोल नेमका असाच सावरतो. गाडी उजवीकडे कलली की हँडल उजवीकडे वळते, चाके सरकून गुरुत्वमध्याच्या खाली येतात आणि गाडी पुन्हा उभी होते. मात्र चाके बाजूला सरकायची तर गाडी पुढे जात असली पाहिजे. वेग भरपूर असेल तर हँडलचा केसभर हिसका पुरतो. वेग कमी असेल तर तेवढ्याच सावरण्यासाठी हँडल खूप वळवावे लागते, आणि तेही वेळेवर. गाडी थांबलीच तर हँडल कितीही फिरवा, चाके जागची हलत नाहीत.

फिरणाऱ्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच दुचाकी उभी राहते, असा एक समज आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1970 साली उलट फिरणारे जादा चाक लावून हा परिणाम नाहीसा केलेली सायकल बनवली. तरीही ती चालवता आली! भोवऱ्याचा गुण मदत करतो, पण मुख्य काम हँडलचे आणि ते धरणाऱ्याचे असते.

आता थोडे गणित. वळताना गाडीला किती झुकावे लागते, हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले की झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 5 किलोमीटर वेगाने सुमारे 4 अंश झुकावे लागते, ताशी 10 वेगाने सुमारे 15 अंश. ताशी 30 वेगाने हा कोन 67 अंशांवर जातो, म्हणजे गाडी जवळजवळ आडवीच! अर्थात अरुंद गल्लीत गाडी वळवायची तर वेग कमीच हवा, आणि वेग कमी म्हणजे तोल अवघड. या कात्रीतून सुटण्यासाठी जगभरचे पोलीस स्वार चार गोष्टी शिकतात.

पहिली गोष्ट क्लचची. क्लच पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सोडलेला या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो. तेथे क्लचच्या चकत्या एकमेकींवर घसरत थोडीच शक्ती चाकाकडे पाठवतात. यालाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो. नवखा स्वार रेस कमी-जास्त करून वेग सांभाळू पाहतो, त्यामुळे गाडी हिसके खाते. जाणकार रेस स्थिर ठेवतो आणि क्लचच्या बोटांनी वेग मोजून देतो.

दुसरी गोष्ट मागच्या ब्रेकची. इंजिन ओढत असतानाच मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवला की साखळी ताणलेली राहते, हिसके जातात आणि गाडी स्थिर होते. पुढचा ब्रेक मात्र येथे शत्रू! हँडल वळलेले असताना तो दाबला की पुढचे चाक अडते आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला धाडकन बसते. चौकात यू टर्न घेताना पडणारी बरीच मंडळी याच कारणाने पडतात.

तिसरी गोष्ट अंगाची. वेगात वळताना स्वार गाडीबरोबर आत झुकतो. मंद गतीत नेमके उलटे करायचे. गाडी आत झुकवायची आणि स्वतः बाहेरच्या बाजूला वजन टाकायचे. त्यामुळे गाडी जास्त झुकू शकते आणि वळण लहान होते.

चौथी गोष्ट नजरेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नजर जाते तिकडे गाडी जाते. चाकापुढच्या खड्ड्याकडे पाहिले तर गाडी खड्ड्यात जाते. वळण जेथे संपणार तेथे मान वळवून पाहिले तर हात आपोआप योग्य तेवढे वळतात.

भारतात पोलिसांची गाडी म्हटले की ‘बुलेट’ डोळ्यांपुढे येते. 1955 च्या सुमारास भारत सरकारने सैन्य आणि पोलीस यांच्यासाठी इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीच्या 350 सी.सी. बुलेट मागवल्या, आणि त्याच काळात मद्रासला त्यांची जुळणी सुरू झाली. त्या जुन्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, तर पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे ते अगदी कमी फेऱ्यांतही बंद न पडता संथ धडधडत राहते. मिरवणुकीपुढे चालायला हा गुण सोयीचाच.

परदेशांत तर या विद्येचे रीतसर शिक्षण आहे. अमेरिकेतील पोलिसांच्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या साडेतीनशे किलोंहून जड असतात. त्या शंकूंच्या दाटीतून एकही शंकू न पाडता काढणे ही तेथली परीक्षा. जपानमध्ये पांढऱ्या गाड्यांवरील पोलीस स्वारांची देशव्यापी स्पर्धा 1969 पासून होत आली आहे. तिच्यात तोल आणि अचूकता यांना गुण असतात, आणि महिला पोलीसही भाग घेतात. आपल्याकडे 26 जानेवारीच्या संचलनात मोटारसायकलींवर मानवी मनोरे रचणाऱ्या सैन्यदलांच्या तुकड्यांना आपण टाळ्या देतो. तो मनोरा उभा राहतो तो संथ आणि एकसारख्या चालीच्या जोरावर, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पण विद्यार्थी मित्रांनो, ही विद्या पोलिसांपुरती नाही. निपाणीच्या बाजारातील दाटी, उसाच्या हंगामात रस्ता अडवणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, तवंदी घाटात अवजड ट्रकमागे धरावी लागणारी चाल, पावसाळ्यात निसरड्या झालेल्या बेळगावच्या गल्ल्या, यांतून आपणही रोज जातो. मागे आई किंवा लहान बहीण बसलेली असते. अशा वेळी उपयोगी पडतो तो हाफ क्लच. ताशी शंभरचा पराक्रम नव्हे. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात तो याचसाठी. पण परीक्षा संपली की आपण तो कायमचा विसरतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. ज्यांच्याजवळ लायसन्स आहे त्यांनी सुटीच्या सकाळी हेल्मेट घालून मोकळे मैदान गाठावे. आधी सरळ रेषेत, जमेल तितक्या सावकाश चालवावे. मग विटा मांडून मोठा आठ काढावा आणि सराव होईल तसा तो लहान करीत जावा. सोबत एखादा जाणता माणूस असावा. पुढच्या संमेलनात स्लो सायकलीच्या जोडीला स्लो मोटारसायकलची शर्यत ठेवली, तर वेगाची खुमखुमी योग्य जागी जिरेल.

आपण दोन भाषांच्या अंगणात वाढलो, हे भाग्यच. कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश. मराठीत ‘निधान’ म्हणजे ठेवा. ‘निधानवे प्रधान’, म्हणजे सावकाशपणाच श्रेष्ठ, असे आपले कन्नड शेजारी म्हणतात. दोन्ही अर्थ एकत्र घेतले तर सावकाशपणा हाच ठेवा ठरतो, आणि रस्त्यावर तरी तो जपण्याजोगा आहे.