डोंगरउतारावरची मूठभर माती

पावसाळा ओसरला की पनवेल परिसरातल्या शाळांच्या सहली कर्नाळ्याला निघतात. अशाच एका सहलीबरोबर मी गेलो होतो. वाट चढता चढता नववीतल्या एका मुलीने कडेची मूठभर माती उचलली आणि विचारले, ‘‘सह्याद्री ज्वालामुखीपासून झाला असं पुस्तकात आहे. मग ही माती म्हणजे ज्वालामुखीची राख का?’’ तिच्या मुठीत माती थोडी आणि खडेच जास्त होते. प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही.

राख आणि लाव्हा

ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती असते खडकाची भुकटी. शिलारसात सिलिकाचे प्रमाण जास्त असेल तर तो चिकट असतो. त्यात कोंडलेले वायू सहज सुटत नाहीत. शेवटी स्फोट होतो आणि शिलारसाचे तुकडे तुकडे होऊन आकाशात उडतात. २ मिलिमीटरपेक्षा बारीक तुकड्यांना राख म्हणतात. हवेत ते इतक्या झटकन थंड होतात की त्यांचे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. राखेचा बराचसा भाग म्हणूनच नैसर्गिक काच असतो.

आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा फत्तर, निराळ्या रीतीने बनला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पुरासारखा दूरवर पसरला. अशा थरांवर थर साचत गेले. आज उरलेल्या थरांनीसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. तेव्हा कर्नाळ्याच्या उतारावरची माती मुख्यतः राखेची नाही. ती लाव्हाच्या खडकाची झीज होऊन बनली आहे.

पण राख इथे अजिबात नव्हती असेही नाही. मुंबई परिसरात लाव्हाच्या थरांबरोबर राखेपासून बनलेले खडकही सापडतात. घाटातल्या रस्त्यांच्या कापांत काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ जाई. तेवढ्यात खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजून त्याची माती होई. काही ठिकाणी त्यात राखेचाही अंश मिसळला. वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून, दबून गेली. मधल्या कोट्यवधी वर्षांत वरचे खडक झिजले आणि हे तांबडे पट्टे आज डोंगराच्या कुशीत उघडे पडले आहेत.

राखेची माती कशी वागते?

जपान, जावा, अँडीज पर्वत येथे उतारांवर खरोखरच राखेची माती आहे, आणि तिच्यात अनेकदा दगडगोटेही मिसळलेले असतात. काचेला स्फटिकासारखी घट्ट रचना नसते, त्यामुळे ती लवकर कुजते. तिच्यापासून ‘अ‍ॅलोफेन’ नावाचे द्रव्य बनते. त्याचे कण अतिशय सूक्ष्म, पोकळ गोळ्यांसारखे असतात. म्हणून ही माती हलकी आणि भुसभुशीत असते. एक घनसेंटिमीटर कोरडी माती ०.९ ग्रॅमपेक्षाही कमी भरते. पाणी ती भरपूर धरून ठेवते. फॉस्फरस मात्र असा पकडून ठेवते की पिकांना तो सहज मिळत नाही. अशा मातीसाठी अमेरिकेतील मृदावर्गीकरणात १९९० मध्ये ‘अँडिसोल’ हा स्वतंत्र गट करण्यात आला. त्या नावाच्या मुळाशी ‘काळी माती’ या अर्थाचा जपानी शब्द आहे.

या मातीत एक धोकाही दडलेला असतो. धरलेले पाणी ती हादरा बसताच सोडते आणि घट्ट वाटणारा उतार चिखलासारखा वाहू लागतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी जपानमधील होक्काइदो बेटावर भूकंप झाला, तेव्हा राखेने आणि प्यूमिस या सच्छिद्र दगडाने झाकलेल्या टेकड्यांवर एकाच वेळी हजारो दरडी कोसळल्या.

आपल्या उतारावरचे खडे

आता त्या मुलीच्या मुठीकडे परत येऊ. मुठीतले खडे निरखून पाहा. नदीतला गोटा गुळगुळीत असतो. हे खडे टोकदार, कोनांचे आहेत. याचा अर्थ ते फार लांबून आलेले नाहीत. वरच्या कड्यातून सुटले, थोडे घरंगळले आणि थांबले. काही खड्यांत पांढरे दाणे दिसतील. लाव्हातील वायूचे बुडबुडे जिथे अडकले, तिथल्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, गारगोटी अशी खनिजे भरली. झिओलाइट हळूहळू विरघळते आणि मातीला कॅल्शियमसारखी क्षारद्रव्ये पुरवत राहते. सह्याद्रीतील एवढ्या पावसातही काही ठिकाणी मातीचा कस पार धुऊन गेलेला नाही. त्याचे एक कारण हे झिओलाइट आहे, असे बेसॉल्टवरील मातीच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

पण सपाट जागी जशी माती साचते तशी उतारावर साचत नाही. पनवेल परिसरात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. बारीक कण पाण्याबरोबर खाली भाताच्या खाचरांत जातात आणि जड खडे मागे राहतात. त्याखाली मुरूम आणि मग कातळ. ही झाली आपली वरकस जमीन. शेतकरी तिथे नाचणी-वरी घेतो, भात खाचरात लावतो. मृदाशास्त्राचे पुस्तक न वाचता त्याने मातीचे वर्गीकरण केलेलेच आहे!

खड्यांमुळे काय फरक पडतो ते एका हिशेबाने पाहू. समजा, उतारावर माती ४० सेंटिमीटर खोल आहे आणि तिचे निम्मे आकारमान खड्यांनी व्यापले आहे. म्हणजे खरी माती २० सेंटिमीटर. झाडाला वापरता येईल असे पाणी तिच्यात आकारमानाच्या १५ टक्के राहते असे धरले, तर ते भरते ३० मिलिमीटर. जुलैत एकाच दिवसात याच्या तिप्पट पाऊस पडतो. जास्तीचे पाणी वाहून जाते किंवा मुरमात उतरते. पाऊस थांबला की ऊन आणि झाडे मिळून रोज ४-५ मिलिमीटर पाणी उडवतात, म्हणजे आठवड्याभरात साठा खलास! जुलैतला हिरवागार डोंगर दिवाळीनंतर लगेच पिवळा का पडतो, याचे उत्तर इथे आहे. उन्हाळ्यात तग धरतात ती मुरमाच्या भेगांत खोल मुळे घालणारी झाडे.

पाणी जाते कुठे?

मुरमात उतरलेले पाणी भेगांमधून खाली जाते. वाटेत चिकण तांबडा पट्टा लागला की त्याला सहज पुढे जाता येत नाही. ते पट्ट्यावरून आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. अशा झऱ्याजवळ, डोंगराच्या मधल्या सपाटीवर माणसे राहू लागतात. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्या अशा जागी आहेत. खाली उतरत आलेली खडेमिश्रित माती तिथे जरा खोल असते, पाणी जवळ असते, शेती होते.

आणि इथेच सावध व्हायला हवे. जी माती वरून घसरत येऊन उतारावर विसावली आहे, ती पुन्हा घसरू शकते. पाऊस थोडा असताना खड्यांच्या फटींतून पाणी निघून जाते. पाऊस सलग काही दिवस कोसळत राहिला तर फटी भरतात. माती जड होते. शिवाय फटींतल्या पाण्याचा दाब खड्यांना एकमेकांपासून सुटे करू पाहतो, त्यामुळे त्यांची परस्परांवरची पकड ढिली होते. एका क्षणी उताराचा भार पकडीपेक्षा जास्त होतो.

२०१४ साली ३० जुलैला माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०२१ साली २२ जुलैला महाड तालुक्यात तळीये येथे ऐंशीहून अधिक. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलहून फार दूर नसलेल्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जणांचा पत्ता लागला नाही. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी तपासावी लागतात. सगळा दोष एकट्या मातीला किंवा एकट्या पावसाला देणे बरोबर नाही. पण जुलैचा सलग पाऊस, तीव्र उतार आणि त्यावर विसावलेली सुटी माती हे त्रिकूट तिन्ही ठिकाणी होते.

आपल्या उताराला घसरायला भूकंपाचा हादरा लागत नाही, सलग पाऊस पुरतो. म्हणून आपल्याकडे धोक्याची सूचना आधी मिळण्याची शक्यता असते. उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, स्वच्छ झरा अचानक गढूळ होणे किंवा बंद पडणे, नवीन जागी पाणी फुटणे, ही चिन्हे दिसली तर पाऊस थांबायची वाट न पाहता तिथून हलायला हवे. रस्त्यासाठी, घरासाठी किंवा मुरमासाठी उताराचा पायथा कापणे म्हणजे फळीवर रचलेल्या पोत्यांतले खालचे पोते काढून घेणे.

मुलांबरोबर करून पाहा

१. उतारावरची, खाचरातली आणि नदीकाठची कोरडी माती आणा. २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा आणि खड्यांचे व मातीचे वजन वेगवेगळे करा. तिन्हींत खडे किती टक्के? खड्यांच्या कडा कशा आहेत?

२. तळाला भोके पाडलेल्या दोन सारख्या डब्यांत उतारावरची आणि खाचरातली माती भरा. सारखेच पाणी ओता. कोणत्या डब्यातून किती पाणी, किती वेळात बाहेर येते ते मोजा.

३. पत्र्यावर खडेमिश्रित मातीचा थर पसरा आणि पत्रा हळूहळू तिरपा करा. माती कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकाने मोजा. मग तीच माती भिजवून पुन्हा पाहा. थोडी ओली माती कोरडीपेक्षा जास्त तग धरते, पण पाण्याने पूर्ण भरलेली लवकर घसरते. असे का, यावर मुलांना वाद घालू द्या.

४. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून झऱ्यांचा नकाशा काढा. ते एकाच उंचीवर, एका रेषेत येतात का? त्या रेषेवर तांबडा पट्टा दिसतो का?

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, ‘‘ही राख नाही. वरचा कडा थोडा थोडा खाली येतोय, त्यातली ही मूठभर.’’ तिने मान वर करून सुळक्याकडे पाहिले, मग पायाखालच्या उताराकडे. माती फेकून न देता तिने ती रुमालात बांधून घेतली.