राजाची मनाई आणि ओबात्स्दा

म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये माणसं घरून डबे घेऊन येतात आणि मालक त्यांना हटकत नाही, याचं मला कित्येक वर्षं कुतूहल आहे. टेबलावर घरचं कापड अंथरायचं, पाव, मुळा, चीज मांडायचं आणि बिअर तेवढी तिथली घ्यायची. या डब्यांतला नारिंगी, मऊ, कांदा घातलेला चीजचा गोळा म्हणजे ओबात्स्दा. त्याचा माग काढायला निघालो आणि पाककृतींच्या आधी एका राजाज्ञेत अडकलो.

म्युनिक ज्या बव्हेरियात आहे तिथे १५३९च्या नियमानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती. त्यामुळे मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती तळघरांत साठवायची, आणि तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची, अशी रीत पडली. उन्हाळ्यात त्याच सावलीत बिअर विकली जाऊ लागली. शहरातले खाणावळवाले खवळले, कारण त्यांचं गिऱ्हाईकच तिकडे जाऊ लागलं. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियान योसेफ याने निवाडा दिला: जून ते सप्टेंबर बिअरवाल्यांनी आपल्या तळघरापाशी स्वतःची बिअर किरकोळ विकावी, सोबत पाव द्यावा, दुसरं खाणं किंवा पेय देण्यास सक्त मनाई. भांडणाऱ्या दोघांनाही काहीतरी मिळालं. भुकेचं काय करायचं ते गिऱ्हाइकांनी ठरवलं आणि घरून टोपल्या आणल्या. इतका नेमका, माणसांना वाव ठेवणारा निवाडा मी क्वचितच वाचला आहे. मनाई पुढे गेली, टोपल्या राहिल्या. बव्हेरियाच्या १९९९च्या बिअर गार्डन नियमावलीतही घरचं खाणं आणून खाण्याची मुभा ही अशा जागेची खूण मानली आहे.

मात्र १८१२च्या टोपलीत आजचा ओबात्स्दा असणं शक्य नाही. त्याचा मुख्य घटक काममबेर हे पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज, आणि ते बव्हेरियात बऱ्याच उशिरा रुजलं. बव्हेरियाच्या आल्गॉय भागात कार्ल हिर्नबाइन याने १८३०च्या सुमारास बेल्जियमकडून आणलं ते उग्र वासाचं लिंबुर्गर चीज. काममबेरच्या धर्तीचं चीज तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनू लागलं. म्हणूनच फ्रायझिंगच्या काटारिना आयझेनराइख यांची गोष्ट काळाशी जुळते. वाइहेनश्टेफान टेकडीवरची बिअरची भट्टी आपला जन्म १०४० सालचा सांगते. तिथल्या पानगृहाच्या या मालकीणबाई १९२०च्या दशकात सकाळच्या बिअरसोबत ओबात्स्दा वाढत आणि त्यांच्यामुळेच तो नावारूपाला आला, असं मानतात. जास्त पिकलेलं चीज टाकून न देता लोण्यात मळायची युक्ती मुळात काटकसरीच्या स्वयंपाकघरातली. बाईंनी ती पाहुण्यांच्या टेबलावर मानाने ठेवली, आणि माझ्या मते श्रेय त्याचंच आहे.

जून २०१५मध्ये युरोपीय संघाने ओबात्स्दाला भौगोलिक संरक्षण दिलं. त्याच्या अटी अशा: काममबेर किंवा ब्री किमान ४० टक्के, एकूण चीज किमान ५० टक्के. लोणी, पॅप्रिका आणि मीठ सक्तीचं. कांदा, बिअर, आणि लिंबुर्गर व रोमादुर ही चीजं ऐच्छिक. लिंबुर्गरला असं बाजूला बसवणं मला खटकतं. त्याच्या चमचाभर उग्रपणाविना ओबात्स्दा नुसताच मवाळ लागतो.

करायचा तर काममबेर पूर्ण पिकलेला हवा. पांढरी बुरशी बाहेरून आत काम करत जाते, प्रथिनं मोडते आणि गाभा सैल होतो. मधे खडूसारखा कोरडा थर उरला असेल तर चीज आणखी काही दिवस ठेवावं. दोन वाटे चीजला एक वाटा लोणी, दोन्ही घरच्या तापमानाला आलेली. सालीसकट काट्याने कुस्करावं. यंत्रात फिरवू नये, गोळ्या राहिल्या पाहिजेत. मग गोड पॅप्रिका, मीठ, थोडं शहाजिरं आणि सैल करण्यापुरती बिअर. पॅप्रिकाचा रंग स्निग्धात उतरतो, म्हणून मिश्रण तासभर ठेवलं की नारिंगी छटा खुलते. कांदा मात्र वाढतानाच घालावा, आधी घातला तर कडवट होतो आणि सगळा गोळा नासवतो. सोबत प्रेट्झेल आणि पातळ चकत्या करून मीठ लावलेला पांढरा मुळा.