पाइनव्हिलची परिचारिका

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील बर्कली परगण्यात पाइनव्हिल नावाचे एक खेडे आहे. १८९८ साली फ्लोरिडात जन्मलेल्या आणि बालपणीच पोरक्या झाल्यामुळे एका डॉक्टर आप्ताच्या घरी वाढलेल्या मॉड कॅलन १९२३ साली एपिस्कोपल चर्चच्या वतीने तेथे परिचारिका म्हणून आल्या. त्या वेळी परगण्यातील कृष्णवर्णीय कुटुंबे अरण्याच्या आडोशाला विखुरलेल्या लाकडी खोपटांतून राहत होती. रस्ते चिखलाचे, इस्पितळ मैलोगणती दूर, आणि जे गाठता येई त्याचे दारही वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने उघडे नसे.

अशा मुलखात बाळंतपणाचा सारा भार पिढीजात सुईणींवर असे. त्यांचा अनुभव थोर होता. परंतु हात कसे निर्जंतुक करावेत, अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब का घालावेत, जन्माची नोंद सरकारदप्तरी कशी करावी, हे शिकवण्याची तजवीज राज्याने फार उशिरा केली. १९२१च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांच्या आरोग्यासाठी निधी मिळाला खरा, पण १९२९ साली तो आटला. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तो ओघ पुन्हा सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी कॅलनबाई परगण्याच्या आरोग्यखात्यात सार्वजनिक परिचारिका म्हणून रुजू झाल्या.

सुमारे चारशे चौरस मैलांचा प्रदेश त्या मोटारीने पालथा घालीत. रात्री प्रसूती, दिवसा देवीच्या लसी आणि क्षयरोग्यांची विचारपूस, मध्येच कोणाच्या घरी अन्नवस्त्राची सोय, असा त्यांचा क्रम असे. शेकडो बालके त्यांच्या हातून जन्मास आली. तथापि मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते ती सुईणींना शिकवण्यासाठी त्यांनी चालविलेल्या वर्गाची. त्या वृद्ध स्त्रियांना अडाणी ठरवून बाजूस न सारता, त्यांच्या हातांवर विश्वास ठेवूनच नवी विद्या त्या हातांत घालता येते, हे त्यांनी ओळखले होते. आणि म्हणूनच एका स्त्रीचे श्रम जेथे पोहोचू शकले नसते त्या झोपड्यांपर्यंत तिचे शिक्षण पोहोचले.

१९५१च्या डिसेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने यूजीन स्मिथ यांनी टिपलेली त्यांच्या कामाची छायाचित्रमाला प्रसिद्ध केली. ती पाहून हेलावलेल्या वाचकांनी वीस हजारांहून अधिक डॉलर पाठविले, आणि १९५३ साली पाइनव्हिलला स्वतंत्र दवाखाना उभा राहिला. या औदार्याचा मला मनापासून आदर आहे. तरीही जे कर्तव्य करवसुली करणाऱ्या शासनाचे, ते अनोळखी वाचकांच्या देणगीने पुरे व्हावे, ही गोष्ट सलते. चित्रे निघाली नसती, तर त्या खोपटांतील मातांना आणखी किती काळ वाट पाहावी लागली असती?

१९७१ साली कॅलनबाई सेवानिवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. परगण्यातील वृद्धांना शिजवलेले अन्न मिळावे म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरविला, तसे केंद्र सुरू करविले, आणि १९९० साली निधन होईपर्यंतची उतारवयातील वर्षे याच कामात वेचली.