आठ अटींची जाहिरात

"अटी भरपूर टाका, म्हणजे फालतू अर्ज येणार नाहीत." नोकरीची जाहिरात द्यायला बसलेल्या मालकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. मग जाहिरात निघते ती अशी: हिशेबनीस पाहिजे. एम.कॉम., पाच वर्षांचा अनुभव, टॅली, जीएसटी, एक्सेल, अस्खलित इंग्रजी, स्वतःची दुचाकी, वय तिशीच्या आत. आणि काम काय? बिलं टॅलीत चढवायची आणि महिन्याच्या महिन्याला सीएला आकडे काढून द्यायचे.

या चाळणीतून कोण गळतं ते नीट बघा. दिसेल तिथे अर्ज टाकणारा अटी वाचतच नाही, त्यामुळे त्याचा अर्ज हमखास येतो. थांबतो तो छापलेलं खरं मानणारा, म्हणजे हिशेबाला हवा तसाच माणूस. बी.कॉम. होऊन आठ वर्षं वह्या सांभाळलेला थांबतो. मूल झाल्यावर तीन वर्षं घरी राहिलेली थांबते. मराठी माध्यमातून शिकलेला, इंग्रजी पत्र नीट लिहिणारा पण बोलताना अडखळणारा तोही थांबतो.

बायका का थांबतात, यावर ठरलेलं उत्तर येतं: "बायकांना आत्मविश्वासच नसतो." लेखिका टारा मोर यांनी हजाराहून अधिक स्त्री-पुरुषांना, बहुतेक अमेरिकी नोकरदारांना, अर्ज का केला नाही असं विचारलं. निष्कर्ष २०१४ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आले. 'हे काम मला नीट जमेलसं वाटलं नाही' म्हणणाऱ्या स्त्रिया सुमारे १० टक्के आणि पुरुष १२ टक्के! दोघांचंही सर्वांत मोठं कारण एकच होतं: अटींत बसत नाही, तर घेणार नाहीत, मग वेळ कशाला घालवा? त्यांना कामाची भीती वाटली नव्हती. जाहिरातीनेच त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी ज्याच्यावाचून अडेल तेवढंच 'आवश्यक' म्हणा. महिन्याभरात शिकवता येईल ते अटींतून काढा आणि त्या जागी रोजचं काम लिहा.

"खाजगी कंपनी आहे, 'फक्त पुरुष' लिहिलं तर काय बिघडलं?" टाटांच्या टेल्को कंपनीच्या १९७४च्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी समूहाचे प्रमुख जेआरडी टाटा यांना पोस्टकार्ड लिहिलं आणि नोकरी मिळवली. ती जाहिरात वाचून गप्प बसलेल्या मुलींची नोंद कुठेच नाही. १९७६च्या समान वेतन कायद्याने तर सारख्या कामाच्या भरतीत असा भेदभाव खाजगी मालकांनाही मना केला.

"पगार योग्यतेनुसार म्हटलं की घासाघीस सोपी जाते." नोकरीत असलेला कामाचा माणूस आकडा कळल्याशिवाय रजा टाकून मुलाखतीला येत नाही. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२पासून पगाराची किमान-कमाल रक्कम छापणं बंधनकारक आहे.

"शेवटी 'सर्वांचं स्वागत' लिहितो की आम्ही!" ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, तेही लिहा. चाकाच्या खुर्चीवरच्या उमेदवाराने ते विचारायचं कुणाला? खाली नुसतं 'समक्ष भेटा' छापलेलं असतं, फोन नंबरही नसतो.