आजी, ‘टेप आउट’मधून

धुळ्याची आजी गेली, तिची लग्नातली अहिराणी गाणी एका कॅसेटवर उरलीयत. तीही खरखरतेय. म्हणून जळगावच्या मामाचा जुना होम थिएटर रिसिव्हर कामाला लावलाय.

बॉस, कॅसेट डेक ‘टेप इन’ला जोडू नका! फीडबॅक टाळायला तो आवाज बहुधा ‘टेप आउट’ला जातच नाही. डेक ‘सीडी’ला जोडा आणि ‘टेप आउट’मधून यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनला. व्हॉल्युमचा या आउटपुटवर सहसा परिणाम नसतो. मामी झोपली तरी रेकॉर्डिंग चालू!

लग्नाची व्हीएचएस असेल तर ‘व्हीसीआर आउट’ला यूएसबी कॅप्चर लावा. पण लवकर. फुनाईनं २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं थांबवलं.

गाण्यात मध्येच आजी कुणाला तरी चहा टाकायला सांगते. तो तुकडा मी कापणार नाहीये.