टाक्यांचाही श्वास चालतो!

काचेच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा बसवा आणि ती कोमट पाण्यात धरा. फुगा किंचित फुगेल. बाटली गार पाण्यात धरताच तो आकसेल. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, थंडीने आकुंचन पावतो, हे तुम्ही शिकला आहातच.

चेंबूरजवळच्या माहुल भागात १९५४-५५ पासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. अशा ठिकाणी तेल आणि रसायने साठवण्यासाठी प्रचंड टाक्या लागतात. टाकीचे छप्पर पक्के बसवलेले असेल, तर दिवसा आतली वाफ प्रसरण पावून झडपेवाटे बाहेर पडते. रात्री बाहेरची हवा आत शिरते. टाकी भरताना वर चढणारा द्रवही वाफेला बाहेर ढकलतो.

पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असते. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून २००९ च्या मानकांनुसार एक घनमीटर हवेत बेंझिनची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ही मर्यादा किती लहान आहे? हिशेब करू. तुमचा वर्ग १० मीटर लांब, ८ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे, असे समजा. त्यात २४० घनमीटर हवा मावते. बेंझिनचा २० मिलिग्रॅमचा एकच थेंब त्यात उडून गेला, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ८३ मायक्रोग्रॅम बेंझीन होईल. म्हणजे मर्यादेच्या सोळापटीहून अधिक! तरीही नाकाला त्याचा पत्ता लागणार नाही.

म्हणूनच १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याची अंमलबजावणी वासावर सोपवून चालत नाही. तिला मोजमाप लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. उपायही आहेत. द्रवावर तरंगणारे छप्पर बसवले की वाफेला जागाच उरत नाही. मात्र त्याच्या कडेची रबरी पट्टी झिजली, की तेथून गळती सुरू होते. ती वेळोवेळी तपासावी लागते. भरताना निघणारी वाफ नळीने गोळा करून पुन्हा द्रवरूप करता येते.

माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांनी दाद मागितल्यावर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथील हवा आरोग्याला घातक असल्याचे मान्य केले. ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्रीय मंडळाच्या अहवालाच्या आधारे, लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला.

वास येत नाही, म्हणजे हवा शुद्ध आहे, असे आता तुम्ही म्हणणार नाही ना?